दुसऱ्या बाटलीतली हवा

समुद्रावरची हवा बाटलीत भरायची तर माणसाला आधी स्वतःचा श्वास धरावा लागतो. ऐकायला हे खुळ्यासारखं वाटतं. केंद्रावर नवीन होते तेव्हा मलाही वाटलं होतं. पण हिशेब अगदी सरळ आहे. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण सव्वाचारशे भाग असतात. आपण नाकातोंडातून सोडतो त्या हवेत त्याच्या शंभरपट. आणि आम्ही जो फरक शोधत असतो तो असतो तीनाचा, पाचाचा, फार तर आठाचा. बाटली उघडी असताना कुणी नुसता सुस्कारा टाकला, तरी आठवड्याची मेहनत पाण्यात.

आमचं केंद्र एवढं एकच काम करतं. किनाऱ्याजवळचा समुद्र हवेतून हा वायू पीत असतो, आणि कधीकधी उलट सोडतही असतो. हवेतला आकडा मोठा आणि पाण्यातला लहान असला, तर समुद्र घेतोय. उलट असला, तर देतोय. दर मंगळवारी पाण्याच्या दोन बाटल्या आणि हवेच्या दोन बाटल्या आणायच्या, यंत्राला लावायच्या, आकडे मांडायचे. संपलं. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "तू नक्की काय करतेस?" तर मी सांगते, "समुद्राचं खाणंपिणं बघते." मग पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

बाटल्या आणायचा तो माझा मामा. आईचा सख्खा थोरला भाऊ. तरुणपणी तो पाणबुड्या होता, धक्क्याखालच्या खांबांची तपासणी करायचा. फुप्फुसं म्हणजे भाता. केंद्र सुरू झालं तेव्हा श्वास धरू शकेल असा माणूस हवा होता, आणि मामा एकतीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी बोटीत बसला तो उतरलाच नाही. केंद्रावर सगळेच त्याला मामा म्हणतात. मी म्हणते, "हा माझा खरा मामा आहे," तर लोक म्हणतात, "हो, आमचाही."

नियमाप्रमाणे बोटीत दोघं हवेत. पण मामाचं उत्तर ठरलेलं असायचं. "दुसरा माणूस म्हणजे दुसरा श्वास." केंद्राच्या प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, त्यांनीही कधीच हात टेकले होते. तीन वर्षांपूर्वी हवा ओढायचा पंप आला, लांब दांडीचा. त्याला श्वास धरायची गरज नाही, कारण त्याला श्वासच नाही. मामा त्याच्या खोक्यावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, "याला वारा कळतो का?" खोकं जिन्याखाली गेलं. हाताने भरलेले नमुने पंपाइतकेच चोख असतात, असं बाईंना लिहून देणारी मीच. तेव्हा ते खरं होतं.

कागदाचंही सांगायला हवं. प्रत्येक मंगळवारचा एक कागद असतो. पुढच्या बाजूला तारीख, वेळ, वारा, लाटा, बाटल्यांचे क्रमांक. मागच्या बाजूला एकच चौकट, नमुना आणणाऱ्याचा शेरा. मला काम शिकवताना मामाने बजावलं होतं, "आधी कागद उलटायचा, मग आकडे." पहिली दोन वर्षं मी इमानदारीने उलटत होते. मागे दर वेळी त्याच्या टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द असायचे: काही नाही. शंभर वेळा 'काही नाही' वाचल्यावर माणूस काय करेल? संगणकात शेऱ्यासाठी जागाही नव्हती. मी पुढचे आकडे भरायचे आणि कागद फायलीत टाकायचे.

त्या वर्षी बाई खुशीत होत्या. आमच्या खाडीचा फरक सहा वर्षांपूर्वी आठ होता, तो उतरत उतरत तीनावर आला होता. म्हणजे समुद्र कमी पीत होता. बाईंनी शाळेतली मुलं हाताशी धरून खाडीच्या तळाला समुद्री गवत लावून घेतलं, आणि गेल्या वर्षी फरक एकदम पाचावर गेला. बाईंना आकाश ठेंगणं झालं. गवतामुळे खाडी सावरली, असा अहवाल त्यांनी लिहायला घेतला. इतर किनाऱ्यांवरचे लोक तो वाचून गवत लावणार होते. बाई एरवी इतक्या कोरड्या की त्यांच्या खोलीत झाडही टिकत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी मला खुर्ची पुढे करून बसवलं.

"प्रत्येक बाटलीचा आकडा सुटा जोडायचा," त्या म्हणाल्या. "सरासरी नको. कुणी शंका घ्यायला नको."

दोन बाटल्यांतला फरक पाचाच्या आत असला तर सरासरी धरायची, असा आमचा नियम होता. यंत्र ती आपोआप धरायचं. सुटे आकडे शेजारी शेजारी मांडायची वेळ माझ्यावर कित्येक दिवसांत आली नव्हती. मी ते मांडले, आणि पुन्हा वरपासून बघितले.

दुसरी बाटली पहिलीपेक्षा जास्त. या आठवड्यात चाराने, मागच्या आठवड्यात साडेचाराने, त्याआधी पुन्हा चाराने. पाचाच्या वर एकदाही नाही, म्हणून कुणी हटकलं नाही. नाणं ऐंशी वेळा उडवलं आणि बहात्तर वेळा छापाच पडला, तर नाणं तपासायला हवं. मी मागे मागे गेले. एकोणीस महिन्यांपूर्वीपर्यंत दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या. त्यानंतर दुसरी फुगत गेलेली. सरासरीत ती दोनाने भर घालत होती. बाईंच्या पाचातले दोन, ज्यांच्यासाठी मुलांनी गुडघाभर पाण्यात गवत रोवलं होतं, ते समुद्राचे नव्हते.

मी आधी यंत्रावर वैतागले. ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं, माझी पहिली शंका कायम वस्तूंवर असते आणि दुसरी सहकाऱ्यांवर. मी नळ्या बदलल्या, तोट्या पुसल्या. मग पुढच्या मंगळवारी युक्ती केली. दुसरी बाटली आधी लावली आणि पहिली नंतर. तरीही दुसरीच जास्त. म्हणजे गडबड यंत्रात नव्हती, बाटलीत होती. आणि बाटली भरली जात होती बोटीवर.

"येत्या मंगळवारी मी बोटीत येणार," मी मामाला सांगितलं.

"कशाला?"

"बघायला."

"समुद्र गच्चीवरून दिसतो."

"मामा, मी येणार."

"दुसरा माणूस म्हणजे..."

"मी तोंडाला ओढणी बांधून वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसते. मरत नाही मी."

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. राग नव्हता तो. कुणी वाट बघत असावं आणि दारावर थाप पडावी, तसं काहीतरी होतं. "ये मग," तो म्हणाला.

मंगळवारी नऊला आम्ही निघालो. धक्क्यावरून बोटीत उतरायला सहा पायऱ्या आहेत. मामा चौथीवर थांबला, खिसे चाचपले, "किल्ली घेतली ना," असं स्वतःशीच म्हणाला, मग उरलेल्या दोन उतरला. किल्ली त्याच्या हातात होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आठवलं.

ठरलेल्या जागी त्याने इंजिन बंद केलं आणि धूर वाहून जाईपर्यंत वाट बघितली. बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. आधी पाण्याचे नमुने झाले. नळी बाटलीच्या तळाशी, पाणी भरून वाहू द्यायचं, एकही बुडबुडा नको, शेवटी औषधाचे दोन थेंब, म्हणजे पाण्यातले बारीक जीव बाटलीत श्वास घेत राहणार नाहीत. त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते. एकतीस वर्षांत त्याने हे सोळाशे वेळा केलं असेल, आणि एखाद्या लहान मुलाला आंघोळ घालावी तसंच दर वेळी केलं.

मग हवा. मामा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला. तीन खोल श्वास घेतले आणि चौथा धरला. पहिली बाटली डोक्यावर उंच, वाऱ्याच्या तोंडाला. तोटी फिरवली. बाटलीत पोकळी असते, ती फुस्स करून हवा ओढून घेते, दहा अंक मोजायचे, तोटी बंद. त्याने बाटली पेटीत ठेवली, दुसरी उचलली. हे सगळं एकाच श्वासात व्हावं लागतं, कारण मधे सोडलेला श्वास अंगाभोवती रेंगाळतो. मला काम शिकवायला एकदा बोटीत नेलं होतं, तेव्हा त्याने दोन्ही भरून वर मला डोळा मारला होता.

दुसरी बाटली वर गेली आणि त्याचे खांदे थरथरायला लागले. मान लाल झाली. त्याने तोंड शक्य तेवढं मागे वळवलं, ओठ दाबून धरले. मी ओढणीच्या आत अंक मोजत होते. सहा, सात. आठाला त्याचा श्वास सुटला. तो खोकला, बाटली खाली न आणता, उरलेले दोन अंक हात तसाच वर धरून. मग तोटी बंद केली आणि मटकन बसला.

मला वाटलं, त्याला माझ्याकडे बघवत नाहीये. त्याने गुडघ्यावर फळी ठेवून कागद भरला, मग तो उलटून मागे काहीतरी लिहीत राहिला, वेळ काढत. बिचारा तोंड लपवतोय, असं मला वाटलं, आणि मी दुसरीकडे बघितलं. माझ्या चांगुलपणाचं मला त्या क्षणी कौतुकही वाटलं, हे मी कबूल करते.

संध्याकाळी मी मामीकडे गेले. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. मामा खाली कुणाशी तरी बोलत उभा होता. मामी माझ्यासाठी पंखा लावायला उठली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बघितलंस ना?"

"काय?"

"काय म्हणून विचारतेस? जिन्यात तीनदा थांबतात हे. प्रत्येक मजल्याच्या वळणावर कुणीतरी बोलायला सापडतंच. नाही सापडलं तर चप्पल अडकते. झोपताना उशाला तीन उश्या, सपाट पडलं की दम लागतो. मी म्हणते डॉक्टरकडे चला, तर म्हणतात, डॉक्टर बोटीवरून उतरवेल. तो कशाला, मीच उतरवते म्हटलं, तर दोन दिवस अबोला."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच सांगितलं, तिला माहीत आहे म्हणून." मामी माझ्याकडे रोखून बघत होती. "मी म्हटलं, माहीत असून पोरगी गप्प कशी? तर म्हणाले, तिला माझी काळजी आहे, म्हणूनच गप्प आहे."

मला काहीच कळलं नाही. मला माहीत आहे, असं मामाला का वाटावं? तेवढ्यात तो वर आला, दारात चप्पल काढायला जरा जास्तच वेळ लावला आणि मला म्हणाला, "काय गं, आकडे बघायचे सोडून इथे काय करतेस?" मामी आत निघून गेली.

घरी परतताना मी ठरवून टाकलं. खोटं बोलायचं. दुसऱ्या बाटलीची तोटी एकोणीस महिने गळत होती, असं दोषनोंदीच्या कागदावर लिहायचं. दुसऱ्या बाटलीचे सगळे आकडे बाद होतील, पहिलीचे राहतील. बाईंना खरा फरक मिळेल. दोष तोटीवर जाईल, तोटीला ना नातेवाईक ना अब्रू. मामाला गोडीगुलाबीने पंपावर आणायचं, मामीला हाताशी धरून डॉक्टरकडे न्यायचं. कुणाला ताकास तूर लागणार नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फायली काढल्या आणि दोषनोंदीचा कागद पुढे घेतला. कारण लिहिलं: तोटीतून गळती. कधीपासून, लिहिलं. मग तिसरी ओळ आली: नमुना आणणाऱ्याचा शेरा जसाच्या तसा उतरवावा. ऐंशी वेळा 'काही नाही' उतरवायचं माझ्या जिवावर आलं. पण नियम म्हणजे नियम, म्हणून एकोणीस महिन्यांपूर्वीचा पहिला कागद काढला आणि उलटला.

"दुसऱ्या बाटलीच्या वेळी श्वास सुटला. नमुना बाद धरावा."

मी ते तीनदा वाचलं. मग पुढचा कागद उलटला.

"दोन्ही ठीक. मागच्या वेळी बहुधा सर्दी होती."

पुढचा. "दुसरी बाद. आठ अंकांवर सुटला."

मग मी थांबले नाही. एकामागून एक उलटत गेले. "दुसरी बाद. सात अंक." "दुसरी बाद." "दोन्ही ठीक, बरं वाटलं." "दुसरी बाद. आज पायऱ्या चढतानाही दम लागला." सहा महिन्यांनंतर अक्षर तेच, पण सूर बदललेला. तो केंद्राला लिहीत नव्हता, मला लिहीत होता. "दुसरी बाद. तुझ्या लक्षात आलंच असेल." "दुसरी बाद. तू काही म्हणत नाहीस, ते मला कळतं." "दुसरी बाद. बाईंना केव्हा सांगायचं ते तू ठरव. माझी तयारी आहे. तू आधी विचारलंस तर बरं पडेल, मला आपणहून तोंड उघडवत नाही." आणि कालचा, माझ्यासमोर बोटीत बसून लिहिलेला: "दुसरी बाद. तू आलीस, बरं केलंस. आता बोलू."

आणि मी त्याला बोटीतून उतरल्यावर म्हणाले होते, "चल, मी पळते, यंत्र तापायला वेळ लागतो."

माणसाने किती वेळा सांगायचं? तोंडी सांगवत नव्हतं म्हणून त्याने लिहून सांगितलं, जिथे लिहायचा नियम होता तिथे, दर मंगळवारी, तारीख घालून. ज्या भाचीला कागद उलटायला त्यानेच शिकवलं होतं, ती त्या कागदांना भोकं पाडून फायलीत लावत होती. टेबलावर डोकं ठेवून मी रडले. यंत्राची घरघर चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

मामा मागच्या कोठीत होता, तोट्यांना वंगण लावत. मी जाऊन उभी राहिले. हातात कागद होते. त्याने ते बघितले आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बोलायचं ठरवलंस एकदाचं," तो म्हणाला.

"मामा..."

"थांब, मला बोलू दे. पुन्हा बोलायचा धीर व्हायचा नाही." त्याने दोनदा श्वास घेतला. "तू मला सांभाळून घेतलंस. दीड वर्ष. मला वाटायचं, आज विचारेल, उद्या विचारेल. नाही विचारलंस. मी मामीला म्हटलं, पोरगी मोठी झाली, दुसऱ्याची लाज राखायला शिकली. आकडे तू आतल्या आत बाद करत असणार, ते मला माहीत होतं. नाहीतर बाईंनी कधीच आरडाओरडा केला असता. तेवढ्या भरवशावर जात राहिलो मी. समुद्राचं नुकसान होत नाही ना, मग आणखी एक मंगळवार. असं करत करत."

त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या. उद्याच."

"जाऊ," तो म्हणाला. "आणि बाईंना?"

"आज सांगते."

बाईंना मात्र मी सगळं सांगितलं, माझ्यासकट. दोषनोंदीचा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि मामाचे कागद पुढे ठेवले. त्यांनी ऐंशीच्या ऐंशी वाचले, मी उभी असताना. मला बसायला सांगितलं नाही. मग पेन्सिल घेऊन पाचातून दोन वजा केले, आणि आणखी थोडं. जेमतेम तीन उरले, तेही उतरते.

"गवताने काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"अजून नाही," मी म्हणाले.

"अहवाल आता हाच जाईल." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एका तरी माणसाने नोंद नीट ठेवली म्हणून तो लिहिता येतोय. कोणती बाटली बाद, किती अंकांवर, सगळं आहे यात. तुम्हाला मी काय बोलू?" बाई मला एरवी 'तू' म्हणतात. त्या 'तुम्ही'ने मी दोन दिवस जेवले नाही.

पंप बोटीवर बसवायचं ठरलं. पण जुनी पद्धत एका दिवसात बंद करता येत नाही. वर्षभर दोन्ही शेजारी शेजारी चालवून आकडे जुळवावे लागतात, नाहीतर एकतीस वर्षांची ओळ तिथेच तुटते. म्हणजे वर्षभर कुणीतरी श्वास धरायला हवाच. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, टेबलावर एक यंत्र, त्याला नळी. "मोठा श्वास घ्या आणि जोरात फुंका," त्या मामाला म्हणाल्या. मामा नळी तोंडाशी धरून बसला आणि फुंकेचना.

"काका, फुंका ना."

"एकतीस वर्षं धरायची सवय आहे हो," मामा म्हणाला. "जरा वेळ द्या." डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्याने फुंकलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि त्यांचं हसू मावळलं. फुप्फुसं आक्रसत चालली होती, त्या म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही. औषधाने पुढचं लांबवता येईल. किती, ते बघू.

"हा त्रास कधीपासून?"

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. आवाजात चक्क अभिमान. "हिच्याकडे लेखी आहे. तारखेनिशी."

मी पिशवीतून गठ्ठा काढून दिला. डॉक्टरीणबाईंनी चार कागद उलटसुलट करून बघितले. "आठ अंक, सात अंक. असा इतिहास मला कुणी आणून दिलेला नाही," त्या म्हणाल्या. मग वर बघितलं. "पण मग दीड वर्ष आधी का नाही आलात? तेव्हा आला असतात तर बरंच हातात होतं. हे कुणी वाचलं नाही का?"

"माझाच हट्ट," मामा घाईने म्हणाला. "ही बिचारी वाचत होती. मीच तिला बोलू..."

"मी वाचलं नाही," मी म्हणाले.

मामा थांबला.

"मामा, मी कागद उलटलाच नाही. काल सकाळपर्यंत. मी तुला सांभाळून घेतलं नाही, आकडे बाद केले नाहीत. मला काही माहीतच नव्हतं."

डॉक्टरीणबाई गठ्ठा नीट करत बसल्या. मामा माझ्याकडे बघत राहिला. त्याची छाती वरखाली होताना मला शर्टातून दिसत होती.

"एकही नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

त्याने मान खाली घातली. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त नळी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा यंत्राशेजारी ठेवली. जिना उतरताना तो दोनदा थांबला, आणि या वेळी किल्ली शोधायचं नाटक केलं नाही. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने आधारासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मंगळवारी नऊला मी धक्क्यावर पोचले तेव्हा तो बोटीत आधीच बसला होता, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तोंडाला रुमाल बांधून. मामीने बांधून दिलेला असणार, गाठ तिची होती. पंप नाळेवर बसवला होता. मामाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी तीन श्वास घेतले, चौथा धरला. पहिली बाटली ठीक. दुसरीला सहाव्या अंकावर कानात ठोके पडायला लागले, नवव्याला डोळ्यांपुढे काजवे, आणि मग श्वास सुटला, भसकन, सरळ बाटलीवर. मी रागाने तोटी बंद केली. मागे मामाचे डोळे रुमालावरून मला बघत होते. हसत होता की काय, कळलं नाही.

मी फळी गुडघ्यावर घेतली. तारीख, वेळ, वारा, लाटा. कागद उलटला आणि मागे लिहिलं. मग तो मामाकडे दिला, सहीसाठी.

त्याने आकड्यांकडे बघितलं नाही. आधी कागद उलटला. "दुसरी बाद," असं तिथे होतं. "नऊ अंकांवर सुटला. मामा, रोज रात्री किती उश्या लागतात ते आजपासून तूच मला सांगायचं, लिहून नाही, तोंडाने. मी विचारणार आहे."

त्याने ते वाचलं. रुमाल खाली ओढला, दोन श्वास घेतले.

"तीन," तो म्हणाला. "काल चार."